पडद्यावरची वस्तू, पडद्यामागचे हात

२०२५ च्या जून महिन्यात इटलीतील मिलान शहरात प्राडा या विख्यात कंपनीने पुरुषांच्या नव्या पेहरावांचे प्रदर्शन भरवले. तेथे मिरवणाऱ्या तरुणांच्या पायांतील पादत्राणे पाहताच कोल्हापूरपासून अमेरिकेतील मराठी घरांपर्यंत एकच उद्गार निघाला : ही तर आपली कोल्हापुरी! कंपनीने मात्र तिचे वर्णन केवळ 'चामडी सँडल' असे केले होते. ना कोल्हापूरचा उल्लेख, ना भारताचा. समाजमाध्यमांवर संतापाची लाट उसळली. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र धाडले. ही रचना भारतातील पारंपरिक हस्तनिर्मित पादत्राणांवरून स्फुरली आहे, अशी कबुली कंपनीने दिली. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. जुलैमध्ये ती फेटाळली गेली. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकचे लिडकर यांच्याशी कंपनीने करार केला. दोन्ही राज्यांतील कारागिरांकडून सुमारे २,००० जोड करवून घेऊन ते प्रत्येकी सुमारे ८०० युरोंना विकण्याचे ठरले.

एका बलाढ्य परदेशी कंपनीला आपल्या मातीतील कलेचे ऋण मान्य करावे लागले, याचे समाधान कोणत्याही स्वाभिमानी माणसाला वाटेलच. पण त्या समाधानात एक प्रश्न विरून गेला. त्या काही आठवड्यांत लाखो लोकांनी कोल्हापुरीची छायाचित्रे एकमेकांना धाडली, निषेधाचे संदेश लिहिले. त्यांपैकी किती जणांना कोल्हापुरी बांधणाऱ्या एका तरी कारागिराचे नाव ठाऊक होते? मिलानने गाव सांगितले नाही म्हणून संतापलेल्या समाजाने स्वतः तरी त्या हातांची विचारपूस केव्हा केली होती?

हा प्रश्न केवळ चपलेपुरता नाही. महाजालावर आज एक नवा बाजार उभा राहिला आहे. हाताने घडवलेल्या वस्तू, स्वतंत्रपणे काम करणाऱ्या चित्रकारांची चित्रे, जुन्या वळणाची भांडी, दागिने, वस्त्रे, घरात मांडायच्या शोभेच्या वस्तू हे सारे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोटाच्या एका हालचालीसरशी समोर येते. शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबांना, विशेषतः तरुण पिढीला, या शोधाचा मोठा छंद लागला आहे. एकाच साच्यातून निघालेल्या वस्तूंचा कंटाळा यावा आणि हाताच्या कामाकडे मन वळावे, ही चांगलीच गोष्ट आहे. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. मात्र या शोधात नेमके काय सापडते आहे, हे थांबून पाहिले पाहिजे.

आधी या बाजाराची जमेची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. कारागिराची खरी अडचण कौशल्याची कधीच नव्हती, ती होती ग्राहकापर्यंत पोहोचण्याची. गावगाड्यात त्याचे ग्राहक ठरलेले होते. तो गाडा मोडला तेव्हा आठवड्याचा बाजार, जत्रा आणि व्यापारी एवढेच मार्ग उरले. व्यापाऱ्याने उचल द्यायची, कच्चा माल द्यायचा, माल न्यायचा आणि भावही त्यानेच ठरवायचा, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी त्याची धुरा वाहिली आणि देशभरातील मृतप्राय कलांना नवसंजीवनी दिली. सरकारी एम्पोरियमे उघडली, प्रदर्शने भरू लागली. पण प्रदर्शन दहा दिवसांचे असते, एम्पोरियम महानगरात असते आणि कारागीर कुडाळ, डहाणू किंवा येवल्याला असतो. हे अंतर महाजालाने प्रथमच मिटवले. सिंधुदुर्गातील एखादा चित्रकार आपल्या ओटीवर बसून पुण्यातील, नागपुरातील किंवा लंडनमधील घराशी थेट बोलू शकतो, आपले काम दाखवू शकतो, आपला भाव सांगू शकतो. केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने २०२३ साली 'इंडिया हँडमेड' हे संकेतस्थळ याच हेतूने सुरू केले. मोठ्या खाजगी कंपन्यांनीही कारागिरांसाठी स्वतंत्र दालने उघडली आहेत. गावगाड्याच्या पडझडीनंतर कारागिराला मिळालेली ही सर्वांत मोठी संधी आहे.

परंतु संधी आली म्हणजे तिचे फळ योग्य हातात पडतेच असे नाही. या पडद्यावर 'कोल्हापुरी' हा शब्द लिहून पाहावा. शेकडो चित्रे समोर येतात. त्यांत खरी कोल्हापुरी कोणती आणि रेक्झिनची, यंत्रावर कापून डिंकाने चिकटवलेली कोणती, हे चित्रावरून सांगता येत नाही. खरी कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेल्या कातड्याची असते. तिच्यात खिळा नसतो. चामड्याच्या वादीने ती शिवली जाते. अंगठा, कान, वेणी यांतील प्रत्येक भागाला वेगळा हात आणि वेगळे कसब लागते. एका जोडीमागे एका कारागिराचे नव्हे, तर एका घराचे श्रम असतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांच्या या कलेला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण पडद्यावर या दोन चपला शेजारीशेजारी मांडल्या जातात, दोघींवरही 'हस्तनिर्मित' असे लिहिलेले असते आणि त्यांतील एक दुसरीच्या एक तृतीयांश किमतीत मिळते. ग्राहक कोणती उचलणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

ही लबाडी केवळ आपल्याकडचीच आहे, असेही नाही. अमेरिकेत २००५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एत्सी नावाची बाजारपेठ महाजालावर सुरू झाली. कारखानदारीला विटलेल्या लोकांनी हाताने केलेल्या वस्तू एकमेकांना विकाव्यात, ही तिची कल्पना. तेथे वस्तू स्वतः घडवलेली हवी, नाहीतर किमान वीस वर्षे जुनी हवी, अन्यथा ती कलाकुसरीचे साहित्य हवे, असा दंडक होता. जगभरच्या हजारो कलाकारांना, घरी बसून काम करणाऱ्या स्त्रियांना तिने उपजीविका दिली. पण बाजार वाढला तसा दंडक सैल होत गेला. २०१३ साली विक्रेत्यांना बाहेरच्या उत्पादकांकडून माल घडवून घेण्याची मुभा मिळाली. २०१५ साली कंपनी शेअर बाजारात उतरली आणि तिला कारागिराबरोबर भागधारकाचेही समाधान करावे लागू लागले. एप्रिल २०२२ मध्ये विक्रीवरील तिचा वाटा ५ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर आपली दुकाने बंद ठेवून निषेध केला. कारखान्यातील मालाचा सुळसुळाट ही त्यांची दुसरी तक्रार होती. अखेर २०२४ साली प्रत्येक वस्तू कोणी घडवली, कोणी आराखडा केला की कोणी नुसती मिळवून आणली, हे लिहिण्याची नवी पद्धत कंपनीला आणावी लागली. ज्या प्रश्नातून तो बाजार जन्माला आला, त्याच प्रश्नापाशी तो वीस वर्षांनी परत आला : ही वस्तू कोणी केली?

या अनुभवातून घेण्यासारखा धडा स्पष्ट आहे. बाजार, मग तो चौकातला असो की महाजालावरचा, आपणहून हाताच्या बाजूने उभा राहत नाही. त्याचा कल नेहमी जे अधिक, जे लवकर आणि जे स्वस्त त्याकडे असतो. आणि हाताने होणारे काम अधिक होत नाही, लवकर होत नाही, स्वस्तही होत नाही. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काही टाकायचे असेल, तर ते ग्राहकानेच टाकले पाहिजे.

पैठणीचे उदाहरण घ्यावे. येवल्याच्या मागावर विणकर काठ-पदरावरील मोर, पोपट, कमळ, आसावली रंगीत धाग्यांच्या कांड्या एकेक करून हाताने फिरवत विणतो. तसा पदर उलटून पाहिला, तर मागे लोंबते धागे दिसत नाहीत. नक्षी दोन्ही अंगांनी सारखीच दिसते. एका साडीला काही आठवडे लागतात, भरजरी पदराच्या साडीला कित्येक महिने. पण पडद्यावर दिसते ती साडीची दर्शनी बाजू. उलटी बाजू दाखवण्याची पद्धत नाही आणि मागण्याचीही नाही. परिणामी यंत्रमागावरची नक्कल 'पैठणी' म्हणून हसतमुखाने घरी येते. लग्नघरात ती कौतुकाने नेसली जाते आणि येवल्याचा विणकर मात्र आपल्या मुलाला या धंद्यात आणावे की नाही, या विचारात रात्र काढतो. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेने देशात ३५ लाखांहून अधिक विणकर व पूरक कामगार मोजले. त्यांत ७० टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत आणि विणकर कुटुंबांपैकी सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न तेव्हा ५,००० रुपयांहून कमी होते. या आकड्यांपुढे हस्तकलेच्या गौरवाची भाषणे फिकी पडतात.

किमतीइतकीच घातक आहे ती एकसारखेपणाची अपेक्षा. यंत्राने ग्राहकाला अशी सवय लावली आहे की, चित्रात दिसली तश्शीच वस्तू हातात आली पाहिजे. नैसर्गिक रंगात रंगवलेल्या कापडाची छटा दर खेपेला किंचित निराळी येते. मातीच्या भांड्याच्या कडेला बोटाचा ठसा राहतो. लाकडाची नस जशी असेल तशी खेळण्यावर दिसते. हीच तर हाताची खूण. पण पडद्यावरचा ग्राहक तिला दोष समजतो, वस्तू परत धाडतो, वर एक तारा देऊन विक्रेत्याची पतही घसरवतो. परत पाठवण्याच्या खर्चाचा भार मोठ्या कंपनीला जाणवत नाही. एकट्या कारागिराची मात्र महिन्याची कमाई त्यात बुडते. उद्या सकाळी दारात हवी, चित्राबरहुकूम हवी आणि आवडली नाही तर फुकट परत घ्यावी, या तीन अटी घालणाऱ्याने हस्तनिर्मित वस्तू मागूच नये. त्याला हवा आहे तो कारखाना. हाताचे केवळ नाव हवे आहे.

नावाचा प्रश्न आणखी एका बाजूने पाहण्यासारखा आहे. वारली चित्रकला ही मुळात लग्नघरातील भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनींनी काढायची कला. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराने डहाणू परिसरातील पाड्यांवर जाऊन ती पाहिली आणि ती भिंतीवरून कागदावर यावी, म्हणून खटपट केली. जिव्या सोमा म्हसे यांच्या हातातील शक्ती त्यांनी ओळखली. पुढे म्हसे यांची चित्रे परदेशांतील कलादालनांत लागली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते निवर्तले. एका कलेचा शोध कसा घ्यावा, याचा हा वस्तुपाठ आहे. कुलकर्णी यांना केवळ आकृत्या सापडल्या नाहीत. त्यांना चित्रकार सापडला आणि जगाला त्या चित्रकाराचे नाव कळले. आज वारलीतील त्रिकोणी माणसे चहाच्या पेल्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर, भ्रमणध्वनीच्या कवचांवर सर्वत्र नाचत आहेत. ती कोणी काढली, हे कोठेही लिहिलेले नसते. बहुतेकदा ती कोण्या वारल्याने काढलेली नसतातच. संगणकावर उतरवून लाखांनी छापलेली असतात. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेला दोन ओळींची आज्ञा केली की, क्षणार्धात 'वारली शैलीतील' चित्र तयार होते. आकृती जगभर पसरली आणि तिला जन्म देणारी माणसे मात्र तिच्यातून पुसली गेली.

कायदा येथे कामी येत नाही का, असे कोणी विचारील. भौगोलिक मानांकनाचा कायदा संसदेने १९९९ साली केला आणि २००३ पासून तो अंमलात आहे. पैठणी, वारली चित्रकला, कोल्हापुरी चप्पल यांना त्याचे कवच आहे. पण हा कायदा प्रामुख्याने नावाचे रक्षण करतो. परक्याने 'कोल्हापुरी' हे नाव लावून माल विकला, तर त्याला अडवता येते; नाव न घेता निव्वळ घाट उचलला, तर अडवणे अवघड होते. मिलानमध्ये नेमके हेच झाले. शिवाय मानांकन मिळाल्याचा समारंभ होतो, वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात. त्यानंतर अधिकृत वापरकर्ते म्हणून कारागिरांची नोंदणी करणे, नकली माल शोधणे, त्यावर कारवाई करणे हे कंटाळवाणे काम मागे राहते. कराच्या बाबतीतही हाच अनुभव आला. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा महाजालावरील कंपन्यांमार्फत वस्तू विकणाऱ्या लहान विक्रेत्यालाही, उलाढाल कितीही अल्प असली तरी, सर्वसाधारणपणे नोंदणी बंधनकारक होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांतर्गत विक्रीपुरती लहान विक्रेत्यांना यातून सवलत मिळाली, हे स्वागतार्हच; पण तोवर सहा वर्षे निघून गेली होती. आणि २०२० साली अखिल भारतीय हस्तकला मंडळ व हातमाग मंडळ ही दोन्ही सल्लागार मंडळे बरखास्त झाल्यानंतर कारागिरांचे म्हणणे शासनाच्या कानी घालणारे एक जुने व्यासपीठही उरलेले नाही. कारागिरांना बोलते करणारे नवे व्यासपीठ उभारणे अगत्याचे आहे.

मात्र सारा दोष कंपन्यांवर आणि सरकारवर टाकून मोकळे होणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. आपल्या समाजाने आत्मपरीक्षण करण्याची गरज आहे. दोन-तीन पिढ्यांपूर्वी मध्यमवर्गीय घरांत पोलादाची चकचकीत भांडी आली आणि आजीच्या हातची पितळी घागर, तांब्याचा बंब, कल्हई लावलेली पातेली मोडीत गेली. वजनावर विकली गेली. आज त्यांच्याच नातवंडांना जुन्या वळणाच्या तांब्या-पितळेची ओढ लागली आहे. मोडीत दिलेले चौपट-पाचपट दाम देऊन परत घेतले जात आहे. मधल्या काळात पुण्याच्या तांबट आळीतील किती भाते थंडावले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पेशवाईपासून त्या आळीत तांब्यावर ठोके पडत आले. 'मठारकाम' म्हणजे हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी पत्र्यावर उठवलेली चमकती नक्षी. ही तेथील तांबटांची खासियत. अलीकडच्या काळात काही डिझायनरांनी त्या कारागिरांबरोबर बसून त्याच मठारकामाचे दिवे, ताटे, पाण्याची भांडी असे नवे घाट सिद्ध केले आणि ते दूरदूरच्या घरांत पोहोचले. जुन्यावरून नवे घडवण्याची ही योग्य रीत म्हणावी लागेल. कारण तीत जुन्या वस्तूबरोबर जुना हातही जिवंत राहिला.

सावंतवाडीचा गंजिफाही असाच काठावरून परत आला. विष्णूच्या दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात बारा पाने, अशी १२० गोल पानांची ही दशावतारी गंजिफा. प्रत्येक पान हाताने रंगवायचे आणि त्यावर लाखेचा लेप चढवायचा. छापील पत्त्यांच्या काळात ती रंगवणारे हात संपत आले होते. तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले या राजदांपत्याने ती कला वृद्ध चित्रकाराकडून समजून घेतली, स्वतः सत्त्वशीलादेवी ती शिकल्या, राजवाड्यातच कार्यशाळा उघडून नवे चित्रकार घडवले. त्याच जिल्ह्यातील पिंगुळीच्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या ठाकर समाजाच्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या घराशेजारीच संग्रहालय उभारून जपल्या. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका बाजूला राजवाडा, दुसऱ्या बाजूला साधे घर. पण दोघांचे काम एकाच जातीचे. दोघांनीही कला काचेच्या कपाटात नुसती ठेवली नाही. शिकणारा शिष्य आणि विकत घेणारा रसिक, हे दोन्ही तिला मिळवून दिले. या दोहोंपैकी एक जरी तुटला, तरी जुनी कला फक्त 'जुन्या वळणाची' सजावट होऊन उरते.

आणखी एक कटू सत्य बोलले पाहिजे. आनंद कुमारस्वामी यांनी १९०९ साली 'द इंडियन क्राफ्ट्समन' या ग्रंथात भारतीय कारागिराचे समाजातील स्थान जगापुढे मांडले. कारागीर हा मजूर नव्हे, तर समाजजीवनाचा आधार, ही दृष्टी त्यामागे होती. आपण त्या परंपरेचा अभिमान सांगतो. पण व्यवहारात काय घडले? पायताण मिरवले गेले, ते बांधणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवले गेले. भिंतीवर वारली चित्र लागले, वारल्याला मात्र अडाणी म्हटले गेले. मॉलमध्ये छापील किंमत निमूट मोजणारा माणूस कारागिराच्या पालापुढे उभा राहिला की, त्याला घासाघीस सुचते. ज्या समाजाला वस्तू हवी पण वस्तू करणाऱ्याची सोयरीक नको, तो समाज त्या वस्तूचा वारस असल्याचा दावा कोणत्या तोंडाने करणार? समरसता ही केवळ सभेत बोलायची गोष्ट नव्हे. ती खरेदीच्या पिशवीतही दिसली पाहिजे. मिलानने नाव घेतले नाही, याचा राग योग्यच. पण नाव गाळण्याचा प्रघात मिलानने पाडलेला नाही.

म्हणून या नव्या बाजारात उतरताना प्रत्येक कुटुंबाने काही साधे नियम स्वतःला घालून घ्यावेत. वस्तू आवडली की, पहिला प्रश्न किमतीचा नसावा. ती कोणी केली आणि कोणत्या गावी केली, हा असावा. ज्याच्यापाशी याचे उत्तर नाही, त्याच्या 'हस्तनिर्मित' या शब्दावर विश्वास ठेवू नये. रेशमी वस्त्रावर सिल्क मार्क आणि हातमागाच्या कापडावर हँडलूम मार्क आहे का, ते पाहावे. उलट्या बाजूचे छायाचित्र मागावे. खरा विणकर ते आनंदाने पाठवील. लग्नाची पैठणी लग्नाच्या आठवड्यात शोधू नये. चार-सहा महिने आधी मागणी नोंदवावी, थोडी रक्कम आगाऊ द्यावी आणि वाट पाहावी. हाताच्या खुणेला दोष म्हणू नये. शक्य असेल तेथे कारागिराकडून थेट घ्यावे आणि घासाघीस करू नये. वस्तूचे छायाचित्र मित्रमंडळींना पाठवताना कारागिराचे नाव आणि गाव त्याखाली लिहावे. या शेवटच्या गोष्टीला एक पैसाही पडत नाही, पण तीच सर्वांत क्वचित घडते.

कार्यकर्त्यांपुढे याहून मोठे काम आहे. गावोगावी, तालुक्या-तालुक्यांत असे कारागीर आहेत, ज्यांच्या हातात कला आहे पण हातातील यंत्राचा उपयोग ठाऊक नाही. वस्तूचे नीट छायाचित्र काढणे, चार वाक्यांत तिची माहिती लिहिणे, टपालाने न मोडता जाईल अशी बांधणी करणे, किंमत ठरवताना आपल्या श्रमाचे मोल धरणे, कराची आणि बँकेची कागदपत्रे पुरी करणे या गोष्टींत एखादा महाविद्यालयीन तरुण किंवा बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ आठवड्याचे दोन तास देऊ शकला, तर एका घराचे नशीब पालटू शकते. मधल्या दलालाच्या जागी नवा दलाल म्हणून नव्हे, तर कारागीर स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंतचा सांगाती म्हणून हे काम करायचे आहे. महिला मंडळांनी, शाळांनी, गृहनिर्माण संस्थांनी वर्षातून एकदा एका कारागिराला बोलावून त्याचे काम प्रत्यक्ष पाहावे. ज्या मुलाने वादीने शिवली जाणारी चप्पल एकदा डोळ्यांनी पाहिली, त्याला पडद्यावरची नक्कल ओळखायला शिकवावे लागत नाही.

१९०५ सालच्या स्वदेशी आंदोलनाचे स्मरण म्हणून २०१५ पासून ७ ऑगस्ट हा दिवस राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. त्या आंदोलनाचा अर्थ परदेशी कापडाच्या होळीपुरता नव्हता. आपण वापरतो ती वस्तू कोणाच्या श्रमातून आली आणि आपण मोजलेला पैसा कोणाच्या चुलीपर्यंत गेला, याचा विचार करण्याची सवय त्याने एका पिढीला लावली. आज दुकान पडद्यावर आले, पैसाही अदृश्य झाला. म्हणून तर तो विचार अधिक जागेपणी करावा लागेल.

प्राडाशी झालेल्या करारातून २,००० जोड तयार होतील, त्यांचा गाजावाजाही होईल. पण कोल्हापुरी बांधणाऱ्या घरांची पुढची पिढी या कामात राहणार की नाही, हे मिलानच्या २,००० ग्राहकांवर ठरणार नाही. ते ठरेल ते महाराष्ट्रातल्या लक्षावधी घरांच्या उंबऱ्यावर काढून ठेवलेल्या चपला कोणी बांधल्या आहेत, यावर. पडद्यावर वस्तू शोधणे आता फार सोपे झाले आहे. तिच्यामागचा हात शोधणे अजून अवघड आहे; आणि तो सापडेपर्यंत आपला शोध पुरा झाला, असे मानता येणार नाही.